‘दुसरी सभा’, नभोवाणी आणि एक जुनं वेळापत्रक

मूळ प्रश्न

गेले दोन आठवडे रात्रीची जेवणं आटोपली की माझा एकच उद्योग. ‘द इंडियन लिसनर’ हे ऑल इंडिया रेडिओचं जुनं इंग्रजी पाक्षिक आता स्कॅन होऊन वाचायला मिळतं, ते चाळत बसते. २२ डिसेंबर १९३५ ला सुरू झालेलं, त्याआधी १९२७ पासून ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ निघायचं, त्याचा हा वारसदार. लेख, फोटो, रेडिओ संचांच्या जाहिराती आहेतच, पण खरा ऐवज म्हणजे दाट छपाईचे रकाने: केंद्र, वेळ, कलाकार, राग. ‘भावगीत’ रोमन लिपीत वाचताना गंमत वाटते आणि शोधताना घाम फुटतो, कारण एकाच शब्दाची स्पेलिंगं चार.

यावर मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. या रकान्यांना म्हणायचं काय? कार्यक्रमसूची? कार्यक्रमपत्रिका? दुसरं म्हणजे दिवसाचे ‘ट्रान्समिशन वन, टू, थ्री’ असे भाग पाडलेले दिसतात. ‘दुसरे प्रक्षेपण’ लिहिलं तर श्रीहरिकोट्याहून काहीतरी उडाल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद

ताई, दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. सभा. मी एका केंद्रावर ड्यूटी रूममध्ये उमेदीची वर्षं काढली. सकाळची ती पहिली सभा, दुपारची दुसरी, संध्याकाळची तिसरी. ‘आमची पहिली सभा इथं संपत आहे’ हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. घरी मात्र एकदा घोटाळा झाला होता. ‘आज तिसऱ्या सभेला जायचंय’ असं मी म्हणालो आणि नवीन लग्न झालेल्या सौभाग्यवतींना वाटलं, नवरा राजकारणात आहे.

तुमच्या ‘प्रक्षेपणा’ची अडचण खरी आहे. मराठीत रॉकेटही प्रक्षेपित होतं आणि क्रिकेटचा सामनाही. त्यात आता हिंदीच्या वाटेने ‘प्रसारण’ आलंय. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम आपल्याकडून ऐकवायचा असेल तर आम्ही ‘सहक्षेपण’ म्हणायचो. दिल्लीच्या बातम्या ‘सहक्षेपित’ व्हायच्या. हा शब्द मला फार आवडतो. ‘रिले’पेक्षा नेमका आहे. बरोबरीने फेकणं.

प्रतिसाद

‘प्र + क्षिप्’वरून आठवलं. पोथ्यांच्या अभ्यासात प्रक्षिप्त ओवी म्हणजे मागाहून कुणीतरी घुसडलेली. म्हणून ‘काल रात्रीचा प्रक्षिप्त कार्यक्रम’ असं कुणी लिहू नका, प्रक्षेपित लिहा. एका मात्रेत अब्रू जाते.

आता पहिला प्रश्न. ‘सूची’ला माझा विरोध आहे. सूची आपण मागाहून करतो: लेखकाच्या निधनानंतर लेखनसूची, पुस्तक छापून होत आल्यावर शब्दसूची. जे आहे ते मोजून मांडलं की सूची होते. हे रकाने तर आधी छापलेले, पुढच्या पंधरवड्यात काय ऐकू येईल ते सांगणारे. ‘पत्रिका’ त्या मानाने बरी, पण तिच्यावर आधीच लग्नाचं आमंत्रण आणि कुंडली यांचा बोजा आहे. शिवाय कार्यक्रमपत्रिका म्हटलं की एका समारंभाचा कागद डोळ्यांपुढे येतो: ईशस्तवन, स्वागत, आभार. माझं मत ‘वेळापत्रक’. रेल्वेचं असतं तसं. गाडी येईलच असं नाही, पण कधी यायला हवी ते कळतं.

पुन्हा मी

वेळापत्रक पटलं. पण मग वेळेचंच एक सांगते, कारण त्यात मी चांगलीच आपटले. १९४३ च्या एका पानावर रात्री साडेआठचा कार्यक्रम बघून मी लिहून टाकलं, ‘रात्री साडेआठला मुंबईकर रेडिओभोवती बसत’. मग कळलं, युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे केलेली होती. म्हणजे तो साडेआठ आजच्या हिशेबाने साडेसात. त्यातून मुंबईचा स्वतःचा ‘मुंबई टाइम’, प्रमाणवेळेच्या मूळच ३९ मिनिटं मागे. तो जो पाळत असेल त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा सात वाजायला नऊ मिनिटं कमी! दिवेलागणीचं गाणं मी रात्रीचं करून बसले होते.

आणखी एक शंका. मी लेखात सगळीकडे ‘आकाशवाणी’ लिहू की ‘नभोवाणी’?

प्रतिसाद

काळ बघून लिहा. १९२७ च्या जुलैत मुंबईचं केंद्र सुरू झालं ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं, खासगी. ती बुडाल्यावर १९३० साली सरकारने कारभार हाती घेतला, आणि ८ जून १९३६ पासून नाव झालं ऑल इंडिया रेडिओ. ‘आकाशवाणी’ हे नाव त्याआधीच म्हैसूरला होतं. प्रा. गोपालस्वामी यांनी १९३५ साली तिथे चालू केलेलं केंद्र ते. देशभर ते लागू झालं स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकात. तुमच्या या ‘इंडियन लिसनर’चंही ५ जानेवारी १९५८ पासून ‘आकाशवाणी’ झालं. म्हणून १९३८ च्या पानावरून ‘आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर’ असं लिहिलंत तर तो कालविपर्यास.

‘नभोवाणी’चं वेगळं आहे. नभस् + वाणी, मनोरथ-यशोगाथेसारखाच संधी. मराठीत हे सामान्यनाम, म्हणजे त्या माध्यमाचंच नाव. संस्था कुठलीही असो. ‘माहिती व नभोवाणी मंत्री’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत कितीतरी वर्षं चालला, आणि त्या खुर्चीत १९५२ ते ६२ अशी दहा वर्षं मराठी माणूस होता, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. सिनेमाची गाणी नभोवाणीवरून हद्दपार करणारे तेच. लोक रेडिओ सिलोनकडे वळले, मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. ‘सुगम संगीत’ हा शब्दही आकाशवाणीनेच आपल्या अंगवळणी पाडला. जुन्या पानांवर भावगीत सापडेल, पुढच्या काळातल्या पानांवर सुगम संगीत शोधा.

गुजराती श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमपत्राचं नावच ‘नभोवाणी’ होतं. आपल्याकडे तो शब्द आता उरलाय तो बहुतेक ‘नभोनाट्या’त. त्यालाही ‘श्रुतिका’ ही गोंडस सवत आहेच.

प्रतिसाद

आकाशवाणी हे नाव मला नेहमीच थोडं विनोदी वाटत आलंय. मूळची आकाशवाणी कंसाने ऐकली, देवकीची वरात हाकत असताना. ना केंद्र, ना मीटर, आणि बटण फिरवून बंद करायचीही सोय नाही.

प्रतिसाद

मीटरचा विषय निघालाच आहे तर: जुन्या पानांवर किलोसायकल (लहरींची वारंवारता) आणि मीटर (लहरींची लांबी) दोन्ही दिसतील. गोंधळू नका. तीन लाखाला एकाने भागलं की दुसरा मिळतो. पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ घ्या, येतात ३७८.८ मीटर. किलोसायकलचं पुढे किलोहर्ट्झ झालं, आकडा तोच. मार्च १९४० नंतरच्या पानांवर पेटीची साथ मात्र शोधत बसू नका. रेडिओने तिच्यावर बंदी घातली होती, ती उठायला १९७१ उजाडलं.

पुन्हा मी

सगळ्यांचे आभार. वेळापत्रक, सभा, सहक्षेपण, आणि १९३६ पासून नाव बदलेपर्यंत ‘ऑल इंडिया रेडिओ’ असं नक्की केलं. आता लेखातलं हे वाक्य तपासाल का? ‘त्या रात्री तिसऱ्या सभेत अमक्या बाई यमन गायल्या.’

प्रतिसाद

नाही ताई, इथे ड्यूटी रूमवाला मी आडवा येणार. गायल्या कशावरून? छपाई पंधरा दिवस आधीची. बाईंचा घसा बसला असेल, गाडी चुकली असेल, कुणी मोठा माणूस गेला म्हणून दिवसभर नुसती सारंगी वाजली असेल. ऐनवेळचा बदल आम्ही क्यूशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कार्यक्रमांच्या कामाच्या कागदावर, लाल शाईने करायचो आणि घडलं ते लॉगबुकात जायचं. छापील वेळापत्रकाला त्यातलं काही कळत नाही.

यासाठी मराठीत सुरेख क्रियापद आहे: ठेवणे. ‘अमक्या बाईंचा यमन ठेवला होता.’ यात ठरवणं आलं, आणि झालंच असेल अशी हमी नाही.

प्रतिसाद

आणि ऐकणाऱ्याच्या बाजूने? ‘लागणे’. केंद्र ठेवतं, घरी लागतं. आमच्याकडे खरखर वाढली की आजोबा आतून ओरडायचे, ‘अरे, पुणं लागलं का?’

पुन्हा मी

वाक्य बदललं: ‘त्या दिवशी तिसऱ्या सभेत अमक्या बाईंचा यमन ठेवला होता.’ कुणाकडे लागला होता का, ते विचारायला आता घरात कुणी नाही.