नळदुर्गचा पूल विमानानं धरला नव्हता

एकानं लिहिलंय की १९९९ साली सर्बियाच्या कोसोव्हो प्रांतात नाटोनं (अमेरिका अन् युरोपातल्या देशांची लष्करी आघाडी) नुसत्या विमानांवर युद्ध जिंकलं, मग पायदळ मरायला कशाला पाठवायचं? जिंकलं खरं, पण ७८ दिवस लागले. आणि ज्यांना वाचवायला निघाले होते, ते कोसोव्होतले अल्बेनियन लोक त्याच दिवसांत सर्ब फौजांकडून लाखोंनी घराबाहेर हाकलले गेले. १५ हजार फुटांवरून दारात उभा राहिलेला बंदूकवाला अडवता येत नाही हो. शेवटी जूनमध्ये सैन्य आत गेलंच की.

आम्ही नळदुर्गकडचे. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या हैदराबाद संस्थानावर सोलापूरकडून भारताची फौज आली आणि पहिल्याच दिवशी तिनं बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. निजामाकडं हवाई दल म्हणण्यासारखं काही नव्हतं, आभाळ सगळं भारताच्या टेम्पेस्ट विमानांचं. तरी पाच दिवसांत निकाल लागला तो रणगाडे, ट्रक अन् पायी चालणाऱ्यांमुळं.

अर्थात फौज आली म्हणजे सगळं निभावलं असंही नाही. त्यानंतर उस्मानाबाद, नांदेडकडं जे मुसलमान मारले गेले, त्याची चौकशी करायला नेहरूंना पंडित सुंदरलालांची समिती पाठवावी लागली. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आमच्याकडं झेंडावंदन दणक्यात होतं, त्या समितीचं नाव मात्र मी शाळेत कधी ऐकलं नाही.