मदत हवी आहे: भाताच्या बियाण्याचा प्रयोग, यात 'चल' नेमके कोणते?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात. डिसेंबरात शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. वर्गातली निम्मी पोरं ज्वालामुखी करताहेत. हिने मात्र आज्जाचं बियाणंच तपासायला घेतलंय.

आमच्याकडे पेरणीच्या आधी भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतात. तरंगेल ते काढून कोंबड्यांना, बुडेल ते दोन पाण्यांनी धुऊन, सावलीत वाळवून पेरायला. आज्जांचं म्हणणं, बुडालेलं सगळं उगवतं आणि तरंगलेलं सगळं पोचट. हिला बघायचंय की हे कितपत खरं.

तिने वहीत लिहिलंय ते असं: बुडालेलं बी धुऊन ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवायचं (आज्जा असंच मोड आणतात), तरंगलेलं वाटीत पाणी घालून खिडकीत, आणि चार दिवसांनी बघायचं. सरांनी वही परत दिली. समासात चार प्रश्न: स्वतंत्र चल कोणता? अवलंबी चल कोणता? स्थिर काय ठेवलंस? तुलना कशाशी?

व्याख्या तिला पाठ आहेत. पण आपल्याच प्रयोगात त्या कुठे बसतात ते ना तिला कळेना, ना मला. माझं शिक्षण कॉमर्सचं. आणखी एक घोळ म्हणजे मीठ किती? आज्जा अंडं तरंगेपर्यंत मीठ घालतात. शेती खात्याच्या पत्रकात १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम लिहिलंय. कुठलं धरायचं?

टिळकवाडीकर
ताई, बाजारात अंकुरणाचे तयार चार्ट मिळतात, शे-दीडशे रुपयांत काम होतं. एवढा त्रास कशाला?

फळा_खडू
चार्ट आणायचाच तर मग ज्वालामुखीच बरा, निदान फसफसतो तरी.

ताई, पोरीचा प्रश्न उत्तम आहे आणि सरही चांगले भेटलेत. मी हायस्कूलला विज्ञान शिकवून रिटायर झालोय, जरा सविस्तर लिहितो.

तिची मांडणी पुन्हा वाचा. समजा चार दिवसांनी चुलीजवळची पुरचुंडी मस्त मोडावली आणि खिडकीतली वाटी तशीच राहिली. कशामुळे? बी भरलेलं होतं म्हणून? चुलीची ऊब होती म्हणून? फडक्यात हवा खेळत होती आणि वाटीत बी पाण्याखाली होतं म्हणून? एकाला धुतलं, दुसऱ्याला नाही, म्हणून? चारही उत्तरं तितकीच शक्य आहेत, म्हणजे हातात एकही उत्तर नाही. सरांचा 'स्थिर काय ठेवलंस' हा प्रश्न इथेच बोट ठेवतो.

आता तिलाच विचारा, "तू मुद्दाम काय वेगळं करणार आहेस?" ती म्हणेल, बुडालेलं की तरंगलेलं. हा स्वतंत्र चल. "आणि मोजणार काय?" शंभरातली किती उगवली. हा अवलंबी चल, पहिल्यावर अवलंबून असेल तर बदलेल, नसेल तर नाही. उरलेलं सगळं दोन्हीकडे एकसारखं: धुणं, फडकं, पाणी, जागा, बियांची संख्या, दिवस. चुलीजवळ ठेवायचं तर दोन्ही चुलीजवळ ठेवा. आज्जांची रीत मोडायची गरज नाही, फक्त ती दोघांनाही लावायची.

'उगवलं' म्हणजे काय हेही आधी वहीत लिहायला सांगा. उदाहरणार्थ, पांढरा कोंब दोन मिलिमीटर बाहेर दिसला तर उगवलं. हे आधी ठरलं नाही तर मोजताना आपल्या बाजूच्या बीला सूट मिळते. सगळ्यांच्या हातून होतं ते.

मलप्रभाकाठ
सर, खूप आभार. हे वाचून दाखवल्यावर ती लगेच म्हणाली, "मग दोन ताटल्या पुरे." पण चौथा प्रश्न राहिलाच की. तुलना तर बुडालेलं आणि तरंगलेलं यांचीच होतेय ना? आणखी वेगळं काय हवं?

धूळवाफ
इथे मी बोलतो. बी.एस्सी. ॲग्री केलंय, चंदगडच्या बाजूला शेती आहे.

दोन ताटल्यांनी बुडालेलं आणि तरंगलेलं यातला फरक कळेल. पण आज्जांचा खरा दावा असा आहे की निवडून पेरल्याने फायदा होतो. तो तपासायला कणगीतलं काहीच न निवडलेलं बी हवं. नाहीतर असंही निघेल की बुडालेलं ९२ उगवलं आणि न निवडलेलं ९० (आकडे नुसते उदाहरणाला). मग एवढा खटाटोप दोन बियांसाठी केला म्हणायचं.

दुसरं, मीठ स्वतःच अंकुरणाला त्रास देतं. बुडालेलं बी मिठात भिजलंय, कणगीतलं भिजलेलं नाही, म्हणजे पुन्हा दोन गोष्टी बदलल्या. म्हणून मी चार ताटल्या मांडेन:
मिठाच्या पाण्यात बुडालेलं,
मिठाच्या पाण्यात तरंगलेलं,
न निवडलेलं पण तेवढाच वेळ मिठाच्या पाण्यात ठेवून धुतलेलं (यातलं वर आलेलं काढायचं नाही, सगळं एकत्र),
आणि न निवडलेलं, मीठ न लागलेलं, नुसतं साध्या पाण्याने तेवढंच धुतलेलं.
तिसरीत आणि चौथीत फरक दिसला तर तो मिठाचा. पहिलीत आणि तिसरीत दिसला तर तो निवडीचा.

मिठाचं म्हणाल तर अंडं आणि पत्रक ही दोन वेगळी पाणी आहेत. १० लिटरला ३०० ग्रॅम म्हणजे ३ टक्के, त्यात ताजं अंडं सरळ तळाला जातं. अंडं तरंगायला लिटरला शंभर ग्रॅमच्या वर मीठ लागतं. आज्जांच्या पाण्यात पत्रकापेक्षा बरंच जास्त बी तरंगणार, अर्धवट भरलेलंही. कुठलं चूक असं नाही, आज्जांची चाळणी कडक आहे इतकंच. शिवाय अंडं शिळं असेल तर कमी मिठातच वर येतं, तेव्हा अंड्याचं वयही मोजणीत आलं! एकच प्रमाण घ्या, वजन करून. घरी लिटरला ३० ग्रॅम सोपं पडेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं राहिलं: बी यंदाचं की गेल्या सालचं? नुकतंच मळलेलं भात काही जातींत काही आठवडे उगवतच नाही, सुप्तावस्थेत असतं. नोव्हेंबरात कापलेलं डिसेंबरात ताटलीत घातलं आणि चारही ताटल्या गप्प बसल्या तर पोरगी उगाच हिरमुसेल. जुनं घ्या, आणि चारही ताटल्यांना एकाच जातीचं, एकाच कणगीतलं.

निपाणीचा_मी
यावरून जेम्स लिंड हा जहाजावरचा डॉक्टर आठवला. १७४७, ब्रिटिश आरमाराचं जहाज, स्कर्व्हीने आजारी १२ खलाशी. त्याने दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या, सगळ्यांना एका जागी ठेवलं, रोजचं जेवण एकच, आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सगळ्यात आधी सुधारली. जेवण वेगवेगळं असतं तर गुण कशाचा ते सांगताच आलं नसतं.

टिळकवाडीकर
खलाशी दोन-दोन, मग बिया शंभर कशाला? दहा-दहा घेऊन भागत नाही काय?

फळा_खडू
दहात एक बी कमी उगवलं की दहा टक्के फरक दिसतो, आणि एखादं बी तर नशिबानेही मरतं. बियाण्याच्या प्रयोगशाळेत भाताची तपासणी ४०० बियांवर होते, शंभर-शंभरचे चार भाग करून. घरी प्रत्येक प्रकाराच्या ५० बियांच्या तीन ताटल्या ठेवल्या तरी खूप. एकाच प्रकारच्या तीन ताटल्यांत आपसात किती फरक पडतो ते दिसेल. दोन प्रकारांतला फरक त्याहून ठळक असला तरच बोलायचं.

बी उचलताना ढवळून, न बघता उचलायचं, टपोरं टपोरं वेचायचं नाही. आणि मोजायला घरातल्या अशा कोणाला तरी बसवा ज्याला कुठली ताटली कुठली ते माहीत नाही. ताटल्यांना फक्त आकडे, यादी पोरीच्या वहीत. आज्जांना मोजायला बसवू नका, ते आपल्या ताटलीला झुकतं माप देतील!

मलप्रभाकाठ
आज्जांनी हे वाचलं. "मला मोजू दे, मी खोटं बोलतो काय?" म्हणून रुसलेत, आणि गेल्या सालच्या इंद्रायणीची पिशवीही काढून दिलीय. आता शेवटचं विचारते. तरंगलेलंही भरपूर उगवलं तर? सरांना वाटेल प्रयोग फसला.

धूळवाफ
नाही ताई. तरंगलेल्यांतही बरीच उगवतील असा माझा अंदाज आहे, विशेषतः हलकं पण जिवंत असलेलं बी. आज्जांचं 'सगळं पोचट' तेवढ्यापुरतं खोटं ठरेल आणि वहीत तसं लिहायचं. पण पाण्यावर मोड येणं वेगळं आणि तरवा जोमदार होणं वेगळं. दाण्यात साठा कमी असेल तर रोप किरकोळ राहतं. म्हणून मोजणी चौथ्या दिवशी थांबवू नका. पाचव्या दिवशी एकदा आणि चौदाव्या दिवशी एकदा मोजा, आणि चौदाव्या दिवशी प्रत्येक ताटलीतल्या दहा रोपांची उंची पट्टीने मोजून घ्या, तीही न बघता निवडून. हा दुसरा अवलंबी चल झाला. अवलंबी कितीही चालतील, मुद्दाम बदलायची गोष्ट मात्र एका तुलनेत एकच.

तुलनेला आणखी एक आकडा देतो: प्रमाणित भात बियाण्याला किमान ८० टक्के उगवण लागते. चौथी ताटली, म्हणजे कणगीतलं साधं बी, त्याच्या वर गेलं तर आज्जांना आधी ते सांगा, रुसवा जाईल.

मलप्रभाकाठ
सांगते. मीठ घरातलं आयोडीनवालं आहे, चालेल ना?

फळा_खडू
चालेल, पहिल्या तिन्ही ताटल्यांना तेच वापरा आणि कुठलं वापरलं ते वहीत लिहा. चौदा दिवस धरले तर डिसेंबरच्या आधी वेळ कमी आहे, या रविवारीच बी भिजत घाला.