नदीकडच्या शिवाराचा झोन बदल: हरकतीबद्दल सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सचिव: पंचगंगा नदीकडच्या शिवाराची नोटीस आजच्या पेपरात आलीय. शेती विभागातून काढून रहिवास विभागात घ्यायचा प्रस्ताव, नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली. कात्रण वर टाकलंय. हरकती-सूचनांना एक महिना आहे. आठवडाभर गुड मॉर्निंग आणि फुलं बंद ठेवा, ग्रुपवर फक्त हाच विषय.

सी-३०२: सह्यांची मोहीम काढूया की! एकच अर्ज, खाली ३०० सह्या. दणक्यात जाऊन देऊया.

ए-१०१: दादा, जरा दमानं. ३०० सह्यांचा एक अर्ज म्हणजे आवक रजिस्टरला एक नंबर आणि सुनावणीच्या तक्त्यात एक ओळ. झेरॉक्स काढून ३०० जणांनी वेगवेगळे दिले तरी तेच. 'एकसारख्या हरकती' म्हणून एकत्र बांधतात आणि एकाच वाक्यात निकालात काढतात. त्यापेक्षा १५ घरांनी १५ वेगळे मुद्दे घ्यावेत. पूररेषेवर एकानं, नाल्यावर दुसऱ्यानं, रस्त्यावर तिसऱ्यानं. प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर लिहायला लागलं की अधिकारी फाईल उघडून वाचतो.

सी-१०३: काका, महिना आजपासून धरायचा का?

ए-१०१: राजपत्राची तारीख आणि पेपरातली तारीख बहुतेक वेळा वेगळी असते. दोन्हींतली आधीची धरून चाला. शेवटच्या दिवसावर तर अजिबात जाऊ नका, त्या दिवशी आवकच्या खिडकीत गर्दी असते आणि साहेब साइटवर असतात. दोन प्रती न्यायच्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही पाहिजेत. शिक्का आहे पण क्रमांक नाही, असली पोच सुनावणीत कामाची नाही. ई-मेल पाठवला तरी कागद द्याच.

बी-२०४: मला एक कळंना. आपली सोसायटी पण उसाच्याच रानात उभी आहे ना? आता आपण कुठल्या तोंडानं विरोध करायचा? शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर मिळू देत की. ऊस तरी किती परवडतोय आता?

बी-४०३: भाऊ, प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच हरकतीत 'निसर्गरम्य परिसर', 'हिरवळ', 'गॅलरीतून ज्योतिबाचा डोंगर दिसतो' यातलं काही लिहू नका. हे वाचून कुठलाही अधिकारी 'आम्ही आत आलो, आता दार लावा' असंच समजेल. घरं होऊ नयेत असं आपलं म्हणणंच नाही. या रानात पाणी येतं, एवढंच म्हणायचंय. गावठाणाच्या वरच्या अंगाला, उंचावर घरं होणार असतील तर आपला विरोध नाही, हे हरकतीतच स्पष्ट लिहा. वजन वाढतं.

सी-३०२: पाणी येतं हे त्यांना माहीत नाही होय? २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलंय. तेवढंच लिहितो.

बी-४०३: थांबा, इथंच गडबड होते. ५५ फूट हे बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचं रीडिंग. इशारा ३९, धोका ४३, हे आकडेसुद्धा त्याच पट्टीवरचे. पूररेषा मात्र समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते, आरएल म्हणतात. 'पाणी ५५ फूट आणि जमीन अमुक मीटर' असं लिहिलंत तर अर्ज तिथंच हास्यास्पद होतो. शिवाय नदीला उतार आहे. बंधाऱ्यावर जी पातळी, तीच दोन किलोमीटर वर नसते. मागणी अशी करा: संबंधित रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) चा समोच्च रेषांचा, म्हणजे जमिनीची उंची दाखवणारा नकाशा, त्यावर निळी आणि लाल पूररेषा आरएलसह, पाटबंधारे विभागाच्या सहीची. प्रस्तावाच्या नकाशावर पूररेषा दाखवलेलीच नसेल तर तीच पहिली हरकत.

सी-१०३: ताई, निळी-लाल नेमकं काय?

बी-४०३: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी, १०० वर्षांतून एकदाची ती लाल. निळीच्या आत नवीन बांधकाम नाही. बाग, मैदान असल्या मोजक्याच गोष्टी. निळी आणि लालच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर पाहिजे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहे हे. आता बघा, २००५, २०१९, २०२१. १७ वर्षांत तीन मोठे पूर. '२५ वर्षांतून एकदा' हा हिशोब कुठल्या सालापर्यंतच्या नोंदींवर केलाय, हा प्रश्न लेखी विचारायचा.

बी-२०४: मग जोतं उचलून बांधतील की. अडचण काय?

बी-४०३: घर कोरडं राहील हो. रस्ता, वीजेची डीपी, ड्रेनेजचे चेंबर आणि पार्किंग पाण्यात. पुरात आधी वीज तोडावी लागते, मग लिफ्ट आणि पंप बंद. म्हणजे चौथ्या मजल्यावरचा कोरडा माणूस बोटीनंच बाहेर काढायचा. नियमात जोत्याची उंची आहे. पोहोच रस्ता कुठल्या पातळीला ठेवणार ते प्रस्तावात शोधा. बावडा-शिये रस्ता पुरात बंद होतो हे शेंबडं पोरगं पण सांगेल.

सी-३०२: आणि भराव टाकला की पाणी आपल्याकडं सरकणार. हा मुद्दा मी घेतो.

बी-४०३: घ्या, पण आकडेमोड करून. १० एकर म्हणजे ४,३५,६०० चौरस फूट. पाच फूट भराव धरला तर २१,७८,००० घनफूट, म्हणजे २१,७८० ब्रास मुरूम. ४ ब्रासच्या डंपरच्या जवळजवळ साडेपाच हजार खेपा, आणि दाबल्यावर मुरूम बसतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. पाण्याच्या भाषेत सव्वासहा कोटी लिटरच्या आतबाहेर जागा जाते.

आता यातली गोम. 'एवढ्यामुळं नदी दोन फूट चढेल' असं चुकूनसुद्धा लिहू नका. पंचगंगेचा पूर केवढा पसरतो! एवढ्या पसाऱ्यात सव्वासहा कोटी लिटरनं पातळी किती वाढते हे त्यांचा इंजिनिअर कॅल्क्युलेटरवर दाखवील आणि तुम्ही तोंडावर पडाल. खरा मुद्दा नाल्याच्या तोंडाचा. नदी चढली की नाल्याचं पाणी नदीत शिरत नाही, उलटं फिरतं. जयंती नाल्यातून शहरात पाणी येतं ते असंच. आपल्या मागचा ओढा त्याच रानात पसरतो आणि नदी उतरली की निघून जातो. तिथं भराव पडला तर ओढ्याला पसरायला जागा उरली नाही, मग तो फुगून मागं, आपल्या कंपाउंडला. म्हणून मागायचं काय, तर ओढ्याचा आडवा छेद, सीडी वर्कचं, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीचं माप आणि भरावानंतरची फुगवट्याची पातळी. दुसरं, असे भराव एकेकटे तपासू नका, दोन्ही काठांवरचे सगळे मिळून परिणाम काढा असं म्हणा. कृष्णा खोऱ्यातल्या पुरावर वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलेलं आहे. जोडा.

सचिव: पुरावा म्हणून पुराचे फोटो गोळा करू का? सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतील.

ए-१०१: करा, पण फोटोत लोकेशन आणि तारीख दिसली पाहिजे. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोची तारीख उडालेली असते, मूळ फाईल घ्या. फोटोपेक्षा भारी कागद एक आहे: त्याच रि.स.नं. चे पीक नुकसानीचे पंचनामे. तलाठी, कृषी सहायक यांनी सह्या करून 'पुराच्या पाण्यानं ऊस कुजला' असं लिहिलेलं असतं आणि सरकारनं त्यावर भरपाई दिलेली असते. ज्या जमिनीला पूरबाधित म्हणून पैसे दिले, तीच आता राहायला योग्य कशी?

बी-४०३: एक नंबर काका. शिवाय सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रं फुकट मिळतात, ढग असले तरी पाणी दिसतं. काढून देते.

सी-१०३: पंचनामे माहिती अधिकारात मागवू?

ए-१०१: आजच टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. पंचनामे आणि झोनची फाईल एकत्र मागितलीत तर एकाच विषयाचं उत्तर येईल, दुसरं राहील. पण उत्तराला ३० दिवस असतात, आणि हरकतीची मुदतही तेवढीच! त्यावर विसंबून राहू नका. प्रस्तावित फेरबदलाचा नकाशा नगररचना विभागात बघायला ठेवलेला असतो, नोटिशीतच लिहिलंय बघा. जाऊन बघा, फोटो घ्या, भाग नकाशाची प्रत आणि झोन दाखला मागा. सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत डिजिटल सहीचा निघतो. त्यात 'इतर हक्क' आणि भोगवटादार वर्ग १ की २ ते बघा. वर्ग २ असेल तर विकायला सरकारची परवानगी लागते, प्रकरण वेगळं.

बी-२०४: आत्ता एवढा आटापिटा कशाला? एनए करताना हरकत घेऊ की.

ए-१०१: हाच गैरसमज महागात पडतो. जमीन मंजूर योजनेत रहिवास विभागात गेली की वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. सरकारची ठरलेली रक्कम भरली की झालं. तिथं तुम्हाला कोण विचारणार? जे काय भांडायचं ते याच महिन्यात.

आणखी एक, हा कायद्यातला कणा आहे. कलम ३७ हे किरकोळ फेरबदलासाठी. योजनेचं स्वरूप बदलणार नाही एवढाच बदल त्यात करता येतो. पुराचं पाणी साठवणारा अख्खा हरित पट्टा उठवणं 'किरकोळ' कसं, ही हरकत मी माझ्या नावानं देतो. बाकी कुणी ती कॉपी करू नका.

सी-३०२: तिकडं दोन दिवस झाले डंपर चालू आहेत, काका. मंजुरी नसताना.

ए-१०१: मग ती तक्रार हरकतीत मिसळू नका, वेगळी द्या. तहसीलदारांकडं, गौण खनिजाची. वाहतूक पास नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. डंपरचे नंबर, वेळ, खेपा एवढंच लिहा. कोण कुणाचा माणूस हे लिहू नका. आणि ड्रायव्हरशी हुज्जत घालायची नाही, त्याचा काय दोष?

सी-१०३: कॉर्नरला 'बुकिंग सुरू' बोर्ड पण लागलाय.

बी-४०३: फोटो काढा. महारेरा नंबर, म्हणजे प्रकल्पाची सरकारी नोंदणी नसताना जाहिरात आणि बुकिंग चालत नाही. शिवाय बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा वर गेलं तर पर्यावरण मंजुरी लागते. टप्पे पाडून प्रत्येक टप्पा २०,००० च्या खाली दाखवायची युक्ती जुनी आहे, त्यामुळं एकूण क्षेत्र विचारून ठेवा. ती मंजुरी मिळालीच तर पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस, उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६०.

बी-२०४: आणि सरळ हायकोर्ट? आता सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

ए-१०१: ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची फेरी वाचली हे खरं, पण कोर्ट पहिलं विचारणार, मुदतीत हरकत घेतली होती का? सुनावणीला हजर होता का? म्हणून सुनावणीचं पत्र आलं की घरटी एक माणूस नको, हरकतदारांनी स्वतः जायचं. दोन-तीन मिनिटं मिळतात. एक मुद्दा, एक नकाशा, लेखी टिपण हातात द्यायचं आणि त्याची पण पोच. घोषणा देऊ नका, पाठीमागचा मुद्देसूद माणूस त्यात बुडतो. नंतर प्रस्ताव शासनाकडं जातो, त्यामुळं आपल्या हरकतींची प्रत नगररचना संचालक, पुणे यांनाही पोच मिळेल अशा स्पीड पोस्टानं पाठवून ठेवायची.

सचिव: ठीक. नाल्याचा मुद्दा सी-३०२, पोहोच रस्ता बी-४०३, पंचनामे सी-१०३, कलम ३७ काका. वीज-ड्रेनेज कोण घेतंय?

बी-२०४: द्या माझ्याकडं. पण त्यात शेतकऱ्यांचं पण लिहिणार मी. पूररेषेतली जमीन म्हणून बांधू देत नसाल तर त्यांना टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) नाहीतर काहीतरी मोबदला द्या म्हणून.

ए-१०१: लिहा, जरूर लिहा. ती वेगळी सूचना म्हणून द्या, नोटिशीत 'हरकती व सूचना' दोन्ही मागवल्यात. शेतकऱ्यांपैकी कुणी सही देत असेल तर आधी त्यांची घ्या.

सचिव: उद्या संध्याकाळी ७ ला क्लब हाउसमध्ये मसुदे घेऊन या. सी-३०२, तुमच्या प्रिंटरला शाई आहे का?

सी-३०२: काळी आहे. नकाशे रंगीत लागतील, निळी-लाल रेषा काळ्यात कळायची नाही.