काळ्या मातीतल्या लॉनमध्ये पाणी साचतंय, शोषखड्डा चालेल का?

नाशिकला घरामागे ३० बाय २० फुटांचं लॉन आहे. माती काळी, चिकण. जोराचा पाऊस झाला की कंपाउंडच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात दोन-तीन दिवस पाणी हलत नाही. तिथलं गवत मुळापासून कुजून पिवळं पडलंय, फार वाईट वाटतं बघून.

गच्चीचा पाइप आधीच दुसरीकडे वळवलाय, त्यामुळे हे फक्त पावसाचंच पाणी. काट्याने भोकं पाडून वाळू भरली, जिप्समही टाकून झालं, फरक नाही. दीड फूट खड्डा खणून पाणी भरून पाहिलं, सकाळपर्यंत जेमतेम दोन इंच उतरलं.

रस्त्याचं गटार लॉनपेक्षा अर्धा फूट उंच आहे, म्हणजे उताराने पाणी बाहेर काढता येत नाही. पंप नको आहे. टाकी खणताना चार फुटांवर मुरूम लागला होता. टाकी या कोपऱ्यापासून २५ फूट लांब आहे.

आता खडी आणि भोकांचा पाइप घालून चर काढायचा, तो मुरमापर्यंत नेलेल्या शोषखड्ड्यात सोडायचा, असा विचार आहे. मुरूम एवढं पाणी पिईल का, हे खणण्याआधी कसं तपासायचं? आणि काळ्या मातीने खडी बुजू नये म्हणून जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) पाइपला गुंडाळायचं की चराच्या कडेने?