लेक क्रॅबट्रीच्या पायवाटांवर तीन पिढ्यांची सायकल : पावसानंतर कधी जावे आणि कोणती वाट धरावी?

नमस्कार.

मी उत्तर कॅरोलायनातील मॉरिसव्हिल येथे राहते. लेक क्रॅबट्री काउंटी पार्क आमच्या घरापासून अगदी जवळ आहे आणि गेल्या वर्षापासून माझी १२ वर्षांची मुलगी व मी बहुतेक शनिवारी सकाळी तेथे सायकल चालवायला जातो. एप्रिलमध्ये माझे वडील वाईहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. त्यांचे वय ६९ आहे, प्रकृती उत्तम आहे, आणि आयुष्यभर ते शेतावर सायकलनेच ये-जा करत आले आहेत. आता तेही आमच्याबरोबर येऊ इच्छितात. या भागात सायकल चालवण्याचा दीर्घ अनुभव असलेल्यांकडून मला मार्गदर्शन हवे आहे, कारण गेल्या महिन्यात घडलेल्या एका प्रसंगानंतर अंदाजाने पुढे जाण्याची माझी तयारी नाही.

ज्यांना ही जागा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पूर आटोक्यात ठेवण्यासाठी बांधलेला हा सुमारे ५२० एकरांचा तलाव आहे आणि त्याच्या काठावर काउंटीचे उद्यान आहे. एका बाजूला आय-४० महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला विमानतळ असूनही झाडी इतकी दाट आहे की आत शिरल्यावर फक्त डोक्यावरून उतरणाऱ्या विमानांचा आवाज तेवढा येतो. तलावाला वळसा घालणारी लेक ट्रेल ही वाट पायी चालणाऱ्यांसाठी राखलेली आहे. माउंटन बाइकसाठीच्या अरुंद, एकामागून एक जाण्याच्या पायवाटा शेजारच्या जंगलात वेगळ्या आहेत. त्या फार चढ-उताराच्या नाहीत आणि नवशिक्यांनाही झेपतात असे सगळेच सांगतात, म्हणून आम्ही तेथूनच सुरुवात केली.

गेल्या महिन्यात गुरुवारी रात्री चांगला पाऊस झाला आणि शनिवारी लख्ख ऊन पडले. वाहनतळ कोरडा होता, गवतही वाळले होते, म्हणून वाटाही वाळल्या असतील असे मी गृहीत धरले. झाडीत शिरल्यावर चौथ्या-पाचव्या वळणावर एक मुळी वाटेला तिरकी आडवी गेली होती, मनगटाएवढी जाड आणि टायरच्या घासण्याने साल गेलेली, त्यामुळे ओल्या साबणासारखी गुळगुळीत. वेग फार नव्हता, पण वळताना मी पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचे चाक मुळीवरून सरळ बाजूला सरकले. कोपर आणि गुडघा खरचटण्यावर निभावले. माझ्यामागून येणारी मुलगी माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबू शकली, आणि ते हातभर अंतर अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

परत येताना सायकली हातात धरून आम्ही चालत आलो, तेव्हा आमच्याच टायरांनी वाटेवर काय केले आहे ते दिसले. सखल जागी दोन बोटे खोल चरे पडले होते आणि त्यात पाणी साचू लागले होते. प्रवेशाजवळ वाटा बंद असल्याचा फलक होता, तो मी जाताना वाचलाच नव्हता. या वाटा स्वयंसेवक स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन नीट करतात हे मला माहीत होते, त्यामुळे त्या चऱ्यांकडे पाहून मला पडण्यापेक्षा जास्त वाईट वाटले.

घरी आल्यावर बाबांनी माझ्या बुटाला लागलेली लाल माती काढून मुठीत दाबली. मूठ उघडली तर मातीचा घट्ट गोळा झाला होता आणि त्यावर त्यांच्या चारही बोटांच्या रेषा उमटल्या होत्या. ते म्हणाले, "अगं, अजून वाफसा आलेला नाही. या रानात कुळव घालणार नाही कोणी, तुम्ही सायकली कशा घातल्या?" ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते की पावसानंतर जमिनीतले जास्तीचे पाणी निचरून जाऊन माती मशागतीजोगी होते, त्या स्थितीला वाफसा म्हणतात. मुठीत दाबलेला गोळा अंगठ्याने टोचल्यावर सहज भुगा होऊन सुटला, तर वाफसा आला, आणि तो चिकटून तसाच राहिला किंवा नुसता दबला, तर थांबायचे. तेव्हापासून मी हाच विचार करते आहे की सायकलच्या वाटेसाठीही ही कसोटी लागू पडेल का. बाबांच्या शेतातली माती काळी आहे आणि इथली लोहाच्या अंशामुळे लाल झालेली चिकणमाती, म्हणून दोन्ही सारख्या वागतील असे मी धरून चालत नाही. शिवाय आपल्याकडे पावसाला ऋतू असतो. इथे वर्षाला सुमारे ४६ इंच पाऊस बारा महिन्यांत विखरून पडतो, त्यामुळे "आता पावसाळा संपला, चला" असे म्हणण्याची वेळ कधी येतच नाही.

दुसरी अडचण बाबांच्या सवयीची आहे. त्यांनी जन्मभर काळी, दांडीची, गिअर नसलेली सायकल चालवली. माझी हायब्रिड, म्हणजे पक्का रस्ता आणि साधी कच्ची वाट दोन्हींवर चालणारी, सायकल त्यांना उंचीने बरोबर बसते आणि गिअर ते दोन दिवसांत शिकले, परंतु ब्रेकचा गोंधळ काही केल्या जात नाही. आपल्याकडे उजव्या हाताने पुढचा ब्रेक लागतो, इथल्या सायकलींना तो डाव्या हाताला असतो. गल्लीतल्या उतारावर त्यांनी मागचा ब्रेक समजून डावी मूठ आवळली आणि मागचे चाक जमिनीवरून उचलले गेले. त्यांनी तोल सावरला, पण मी तेथेच ठरवले की हा प्रश्न सुटल्याशिवाय त्यांना जंगलात न्यायचे नाही. पन्नास वर्षांची हाताची सवय बदलायला सांगावी, की सायकल बदलावी?

मुलीची सायकल २४ इंची चाकांची असून तिला आता लहान पडू लागली आहे. तिला दोन्ही चाकांना सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी यंत्रणा, असलेली सायकल हवी आहे. मला वाटते की इथल्या वाटांना फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, म्हणजे हार्डटेल, पुरेशी आहे आणि उरलेले पैसे चांगल्या ब्रेकवर व टायरवर घालावेत. परंतु मला यातले फार कळत नाही, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, तिघांना एकाच सकाळी, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहून चालवता येईल असा रस्ता या परिसरात कोणता आहे? मुलीला वळणे आणि उंचवटे हवे असतात, बाबांना संथ, लांब पल्ला आवडतो, आणि मला दोघेही सुखरूप घरी यायला हवे आहेत.

प्रतिसाद :

नमस्कार ताई. मी तुमच्या शेजारच्या कॅरी शहरात राहतो आणि बरीच वर्षे याच वाटांवर सायकल चालवतो आहे, कधी कधी ट्रँगल ऑफ-रोड सायक्लिस्ट्स या स्वयंसेवी संस्थेच्या श्रमदानालाही जातो. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. वाफशाची कसोटी अगदी योग्य आहे, किंबहुना श्रमदानात आम्ही माती हातात घेऊन जवळजवळ हेच करतो, फक्त त्याला आमच्याकडे असा नेमका शब्द नव्हता. मात्र ती लावताना माती वाहनतळाजवळची घेऊ नका. सावलीतल्या, उत्तरेकडच्या उतारावरच्या आणि सखल भागातल्या मातीवर निर्णय करा, कारण वाटेचा सर्वात ओला तुकडाच खराब होतो. तसेच तुमची मूठ काहीही सांगो, वाटा बंद असल्याचे जाहीर झालेले असेल तर बंदच समजा. खुल्या की बंद याची माहिती ऑनलाइन मिळते, ती घरातून निघण्यापूर्वी पाहावी.

हिवाळ्यातली एक गोष्ट बाबांच्या अनुभवात नसेल. रात्री गोठलेली माती सकाळी दगडासारखी कडक असते आणि त्यावरून सायकल छान जाते, पण दहा-अकरानंतर वरचा थर वितळतो आणि खालचा गोठलेलाच राहतो. पाण्याला खाली मुरायला वाट नसते, म्हणून वरचा इंचभर चिखल लोण्यासारखा होतो. पाऊस न पडताही वाटा बंद असतात त्या यामुळे.

मुळीबद्दल सांगायचे तर तुम्ही पडलात ते मुळीमुळे कमी आणि तिच्यावर ब्रेक दाबल्यामुळे जास्त. ब्रेक मुळीच्या आधी लावून वेग कमी करून घ्यायचा आणि ती ओलांडताना दोन्ही ब्रेक पूर्ण सोडायचे. शक्य तितके काटकोनात जायचे, दोन्ही पायडल आडव्या रेषेत ठेवायचे, सीटवरून किंचित उठायचे आणि नजर मुळीवर न ठेवता तिच्यापलीकडे ठेवायची. मुलीला हे घरच्या अंगणात एक काठी टाकून शिकवता येईल. टायरमध्ये हवा किती भरता तेही पाहा. साधारण सव्वादोन इंच रुंदीच्या टायरमध्ये बहुतेक लोक गच्च हवा भरतात, त्यामुळे टायर मुळीला धरत नाही, तिच्यावरून उसळतो. तुमच्या वजनाला ट्यूबच्या टायरमध्ये २५ ते ३० पीएसआय (पंपावर दिसणारे हवेच्या दाबाचे माप) पुरेसे असते, मुलीला त्याहून थोडे कमी. एकदम खूप कमी केलेत तर मात्र ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होईल, म्हणून दर वेळी थोडेथोडे कमी करून पाहा.

सायकलीबाबत तुमचा विचार बरोबर आहे. या भागासाठी १०० ते १२० मिलिमीटरचे पुढचे सस्पेन्शन असलेली हार्डटेल आणि हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक पुरेसे आहेत. वाढत्या वयाच्या मुलीसाठी जुनी घेतलीत तरी चालेल, फक्त ब्रेकच्या मुठीपर्यंत तिची बोटे नीट पोहोचतात की नाही हे स्वतः पाहा. ती मूठ स्क्रूने जवळ आणता येते, आणि हे दुकानात फार थोडे लोक आपण होऊन सांगतात.

बाबांची सवय बदलू नका, सायकल बदला. तुमच्या हायब्रिडला तारेचे ब्रेक असतील तर डाव्या-उजव्या तारा एकमेकांच्या जागी लावून घेता येतात, कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे हे थोड्या वेळाचे काम आहे. त्यानंतर ती सायकल तुम्ही स्वतः चालवू नका, आणि हँडलला एक रंगीत पट्टी गुंडाळून ठेवा, म्हणजे घरातले दुसरे कोणी चुकून घेऊन जाणार नाही.

रस्त्यासाठी अम्स्टेड स्टेट पार्क सुचवतो. ओल्ड रीडी क्रीक रोडवरून महामार्ग ओलांडला की साडेपाच हजार एकरांहून मोठे ते जंगल लागते, आणि आतल्या रुंद, खडी दाबलेल्या वाटांवर तिघे आरामात जाऊ शकाल. पावसानंतर त्या मातीच्या वाटांपेक्षा खूप लवकर चालवण्याजोग्या होतात, म्हणून तुमची शनिवारची सकाळ वाया जाणार नाही. तेथे चढ मात्र आहेत, तेव्हा बाबांना सुरुवातीलाच हलका गिअर टाकायला सांगा. पायी चालण्याच्या अरुंद वाटांवर तेथे सायकलला मनाई आहे आणि मुख्य वाटांवर घोडेही येतात. घोडा दिसला की थांबून मोठ्याने पण शांतपणे बोला, म्हणजे आपण माणूस आहोत हे त्याला कळते, आणि त्याला पुढे जाऊ द्या. मुलीसाठी हेल्मेट अर्थातच हवे, १६ वर्षांखालील मुलांना ते इथल्या कायद्यानेही सक्तीचे आहे. परतल्यावर सर्वांच्या पायांना गोचीड चिकटलेली नाही ना, हे पोटऱ्यांच्या मागे आणि मोज्यांच्या काठाशी पाहा.

वळणे आणि उंचवटे हवे असतील तेव्हा मुलीला हॅरिस लेक काउंटी पार्कला न्या. तेथे सोप्या, मध्यम आणि अवघड अशा वेगवेगळ्या फेऱ्या आखलेल्या आहेत, त्यामुळे ती आपल्या तयारीप्रमाणे पुढे जाईल आणि तुम्हाला तिला पुन्हा पुन्हा अडवावे लागणार नाही.

धागाकर्तीचे उत्तर :

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ब्रेकच्या तारा बदलून घेतल्या आणि बाबांनी गल्लीतल्या त्याच उतारावर सलग वीस वेळा थांबून दाखवले. गेल्या रविवारी आम्ही तिघे अम्स्टेडला गेलो. पहिल्या मोठ्या चढावर बाबा उतरले आणि सायकल हातात धरून चालले, दुसऱ्या चढावर उतरले नाहीत. मुलगी पुढे जाऊन प्रत्येक फाट्यावर थांबत होती, तसे आम्ही आधीच ठरवले होते. परतताना लेक क्रॅबट्रीच्या बाजूला झाडीच्या कडेला थांबून तिने स्वतः माती मुठीत दाबून आजोबांना दाखवली. अंगठा टोचल्यावर गोळ्याला फक्त खळगा पडला, तेव्हा तिनेच सांगितले की पुढच्या शनिवारपर्यंत थांबू या.

आता एक प्रश्न उरला आहे. झाडीतल्या काही भागात पानांचा जाड थर साचलेला असतो आणि वरची पाने कोरडी असली तरी खालची माती ओली निघते. असा थर बाजूला सारून पाहावा, की त्याला हात न लावता तो तुकडा ओलाच समजावा? पाने काढल्याने तेथली माती पुढच्या पावसात वाहून जाईल अशी बाबांना शंका आहे, आणि वाटेची आणखी हानी माझ्या हातून होऊ नये असे मला वाटते.