'दुःख' की 'रुसवा'? चेहरा वाचताना भाषेचा वाटा किती असतो?

प्रश्न (शिक्षिका, वाळवा तालुका)

मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. मुलांना भावना ओळखता याव्यात म्हणून आमच्या शाळेत चेहऱ्यांच्या कार्डांचा एक संच आला आहे. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य आणि किळस या सहा शब्दांमधून मुलाने प्रत्येक चेहऱ्यासाठी एक शब्द निवडायचा, अशी त्याची रीत आहे. गेल्या आठवड्यात मी शब्द आधी न सांगता नुसते कार्ड समोर धरले आणि 'याला काय झालंय?' असे विचारले. नजर खाली गेलेला, खालचा ओठ किंचित पुढे आलेला, मागे 'दुःख' असे छापलेला चेहरा पाहून अर्ध्याहून अधिक वर्ग 'रुसलाय' म्हणाला. भीतीच्या कार्डावर 'दचकलाय', 'वरडतोय' अशी उत्तरे आली. सोबतच्या तक्त्याप्रमाणे ही सारी उत्तरे चूक ठरतात आणि त्या मुलांच्या नावापुढे 'भावना ओळखण्यात मागे' अशी नोंद करावी लागते. माझे मन ती नोंद करायला तयार होत नाही. भावना जगभर एकसारख्याच वाचल्या जातात, की आपण ज्या घरात आणि ज्या भाषेत वाढतो ती आपल्याला चेहरा वाचायला शिकवते? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (मानसशास्त्राचा प्राध्यापक, सातारा)

मॅडम, आपण शब्द आधी दिले नाहीत, हीच या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

हे सहा शब्द अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या कामातून सर्वत्र पोहोचले. त्यांनी आणि वॉलेस फ्रीझन यांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांसोबत केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८९ प्रौढ आणि १३० मुले होती. त्यांना एक छोटी गोष्ट सांगायची आणि समोरच्या दोन-तीन छायाचित्रांतून तिला जुळणारा चेहरा निवडायला लावायचे, अशी पद्धत होती. बहुतेक उत्तरे अपेक्षेप्रमाणे आली आणि भावनांचे चेहरे साऱ्या मानवजातीचे एकच आहेत, हा विचार रुजला. मात्र भीती आणि आश्चर्य हे दोन चेहरे एकमेकांपासून वेगळे ओळखणे त्याही लोकांना जमले नव्हते. आपल्या वर्गातला 'दचकलाय' त्याच सीमेवर उभा आहे.

पुढे मारिया गेंड्रॉन, लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नामिबियातील हिंबा लोकांना ३६ छायाचित्रे देऊन 'सारखे वाटतील ते एकत्र ठेवा' एवढेच सांगितले. हा अभ्यास २०१४ चा. हसरे चेहरे बव्हंशी एका ढिगात गेले, परंतु बाकीचे ढीग पाश्चात्त्य अपेक्षेप्रमाणे पडले नाहीत. शिवाय त्या लोकांनी चेहऱ्यांना भावनेचे नाव देण्याऐवजी 'हसतो आहे', 'बघतो आहे' अशी क्रियापदेच अधिक वापरली. आपला 'वरडतोय' म्हणणारा विद्यार्थी नेमके तेच करतो आहे. भावनेचे शब्द पुढे केल्यावर मात्र हिंबांचे ढीग अपेक्षित मांडणीच्या थोडे जवळ सरकले. याचा अर्थ मला असा दिसतो की शब्द हे नुसते लेबल नसून चेहऱ्यांची वाटणी करणारी विळीच आहेत.

आता 'रुसणे' घ्या. दुःख एकट्याला होऊ शकते. रुसायला मात्र समजूत काढणारे माणूस असावे लागते. ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याच्यावरच आपण रुसतो, परक्यावर फार तर रागावतो. कार्डावरच्या एकट्या चेहऱ्यात मुलांनी न दिसणारे दुसरे माणूस गृहीत धरले. हे मागे असण्याचे लक्षण आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

उत्तर २ (हौशी रंगकर्मी, सांगली)

प्राध्यापकसाहेबांचे म्हणणे एकांगी होते आहे, असे मला वाटते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' याच सांगलीत रंगभूमीवर आणले, आणि त्याच्या कितीतरी शतके आधी नाट्यशास्त्राने आठ स्थायीभाव सांगून डोळे, भुवया आणि ओठ यांचे अभिनय ठरवून दिले होते. तो अभिनय परक्यांना कळत नाही का? कळतो. हेजमाडी, डेव्हिडसन आणि रोझिन यांनी २००० साली नाट्यशास्त्रावर आधारलेला अभिनय ओडिशातील आणि अमेरिकेतील लोकांना दाखवला, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी तो चांगला ओळखला. त्यात लज्जाही होती. २००४ च्या अथेन्स येथील पॅरालिंपिक स्पर्धांमधले जन्मांध ज्युदोपटूही हरताजिंकताना डोळस खेळाडूंसारखेच चेहरे करत होते. ज्यांनी कधी कोणाचा चेहराच पाहिला नाही, त्यांना ते कोणत्या भाषेने शिकवले?

उत्तर १ चे लेखक पुन्हा

आपला आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे माझ्या उत्तरात एक फरक स्पष्ट करणे भाग पडते. चेहरा घडणे ही एक गोष्ट आणि पाहणाऱ्याने त्याला अर्थ देणे ही दुसरी. जन्मांध खेळाडूंचा दाखला पहिल्या गोष्टीबद्दल आहे. दुसऱ्या गोष्टीत चित्र बदलते: पापुआ न्यू गिनीतील ट्रोब्रियांड बेटांवरील किशोरवयीन मुलांनी 'भीती'चा म्हणून ठरलेला आ वासलेला चेहरा रागाचा, धमकावणारा म्हणून निवडला, असे कार्लोस क्रिवेल्ली आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले. २४७४ भाषांमधील भावनाशब्दांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१९ साली आला. सुखद की दुःखद, आणि अंगात खळबळ की शांतपणा, ही ढोबळ विभागणी सर्वत्र सापडते. त्यापुढचे बारकावे भाषाकुळागणिक बदलतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. मला हा मधला मार्ग तडजोड वाटत नाही, तो पुराव्याला धरून आहे.

उत्तर ३ (परिचारिका, मिरज)

ताई, मी प्रसूतिकक्षात काम करते. आमच्याकडे सीमेपलीकडच्या कन्नड बोलणाऱ्या बायकाही येतात. माहेरचे माणूस जवळ असले की बाई मोकळेपणाने कण्हते; सासू उशाशी असली की तीच बाई ओठ मिटून कळा सोसते आणि चेहरा कोरा ठेवते. नवीन मुली तोंडाकडे बघून 'हिला अजून अवकाश आहे' असे सांगतात. मी पलंगाच्या दांडीवरची मूठ बघते आणि पायांची बोटे आत वळली आहेत का ते बघते. कार्डावर नुसते तोंड असेल, मूठ नसेल आणि शेजारी कोण उभे आहे तेही नसेल, तर मुलांनी काय ओळखावे?

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. काल मी तेच कार्ड पुन्हा काढले आणि 'हा का रुसला असेल?' असे विचारले. ऊसतोडीच्या हंगामापुरता आमच्या शाळेत आलेला एक मुलगा, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, तो म्हणाला, 'खेळ सुरू झाला आन् त्याला कुणी हाक मारली न्हाई.' मी तक्त्यात त्या सर्व मुलांपुढे 'बरोबर' लिहिले आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत. मधल्या सुट्टीत पोरांनी त्याला लगोरीत घेतले.