१७८० बघून हुरळू नका

अहो, तुमच्या मामांच्या शेतात नांगरताना सापडलेलं जे नाणं कोणतं म्हणून तुम्ही विचारलंत, ते पदर घेतल्यासारखी जाडसर बाई, मागे दोन तोंडांचा गरुड आणि १७८०, म्हणजे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थेलर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं. पण राणी १७८० मध्ये वारली तरी नंतर तेच साल टाकून नाणी पाडत राहिले, दुसऱ्या महायुद्धात तर आपल्या मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीतही पाडलीत, खरंच! अरबस्तान, इथिओपियात हीच चालायची. सोनाराच्या काट्यावर वजन करा, २८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं आणि कडेवर उठावदार लॅटिन अक्षरं पाहिजेत, कड गुळगुळीत असली तर मला तरी डुप्लिकेटच वाटेल. आणि प्लीज चिंच-पितांबरी लावू नका, आजोबांच्या चांदीच्या रुपयाची मी तशीच वाट लावलीय.